फितीतला निक्सन, साक्षीतला डीन

साहित्याच्या चर्चासत्रांतून गेली काही वर्षे एक वाटणी फार निर्धास्तपणे केली जाते. कागद आणि ध्वनिफीत ही इतिहासाची मालमत्ता. माणसांच्या आठवणी ही साहित्याची. या वाटणीवर दोन्ही घरचे पाहुणे खूश असतात. इतिहासवाल्यांना पुरावा मिळतो, साहित्यवाल्यांना 'अनुभव' मिळतो, आणि भोजनोत्तर सत्र वेळेवर आटोपते. अशाच एका सत्रात एका वक्त्यांनी मौखिक इतिहासाची बोळवण करताना अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या ध्वनिफितींचा दाखला दिला. सुमारे ३,७०० तासांचे ध्वनिमुद्रण हाताशी असताना त्या कारकिर्दीविषयी म्हाताऱ्या अधिकाऱ्यांच्या आठवणी गोळा करीत बसण्याचे प्रयोजन काय, असा त्यांचा प्रश्न होता. सभागृहातून उत्तर आले नाही. आमच्यापैकी जे तिथे हजर होते तेही गप्प राहिले, हे कबूल केले पाहिजे. हा लेख त्या गप्प बसण्याची भरपाई आहे.

उदाहरण वक्त्यांनीच निवडले हे आमचे भाग्य. ही वाटणी मोडून काढायला याहून सोयीचे उदाहरण शोधूनही सापडले नसते.

प्रथम ही फीत आहे तरी काय ते पाहू. फेब्रुवारी १९७१ मध्ये सीक्रेट सर्व्हिसने व्हाइट हाउसमधील ओव्हल ऑफिस आणि कॅबिनेट रूम येथे ध्वनिग्राहक बसवले. पुढे शेजारच्या इमारतीतील निक्सन यांचे दुसरे कार्यालय, काही दूरध्वनी आणि कॅम्प डेव्हिड यांची भर पडली, आणि जुलै १९७३ मध्ये सगळे बंद झाले. निक्सन यांच्या आधीही फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यापासून अनेक अध्यक्षांनी संभाषणे मुद्रित केली होती. पण तेव्हा कोणीतरी कळ दाबावी लागे. निक्सन यंत्रांच्या बाबतीत इतके अडाणी की वेळेवर कळ दाबली जाईल याचा सहायकांना भरवसा नव्हता. म्हणून बहुतेक ठिकाणी आवाज होताच आपोआप फिरू लागणारी यंत्रे लावण्यात आली. हेतू असा की पुढेमागे अध्यक्षांना आपल्या कारकिर्दीचा वृत्तान्त लिहिताना दुसऱ्या कोणाच्या टिपणांवर अवलंबून राहावे लागू नये. म्हणजे ज्याला आपण निखळ पुरावा म्हणतो तो मुळात एका आत्मचरित्राची पूर्वतयारी म्हणून जन्माला आला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एवढ्यावरूनच कान टवकारायला हवे होते.

ही फीत जगाला कळली कशी, हे तर त्याहून मजेशीर. जून १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या वॉटरगेट इमारतीतील कार्यालयात घरफोडी झाली. तिची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीपुढे १९७३ च्या उन्हाळ्यात साक्षी चालू होत्या. अध्यक्षांचे माजी विधिसल्लागार जॉन डीन यांनी साक्षीत एक शंका बोलून दाखवली होती: एका भेटीत अध्यक्ष ज्या तऱ्हेने बोलले त्यावरून आपले बोलणे मुद्रित होत असावे असे वाटले. ही शंका मनात ठेवून समितीच्या कर्मचाऱ्यांनी अलेक्झांडर बटरफिल्ड या माजी सहायकाला खासगीत विचारले, आणि १६ जुलै १९७३ रोजी बटरफिल्ड यांनी ते जाहीरपणे सांगितले. तेव्हा निक्सन यांच्या फिती आज आपल्याला ऐकायला मिळतात त्या एका माणसाला झालेल्या आठवणीमुळे आणि दुसऱ्याने दिलेल्या तोंडी उत्तरामुळे. ज्या मौखिक साक्षीला वक्ते दाराबाहेर बसवू पाहत होते तिनेच हे दार उघडले.

आता मुख्य मुद्दा. फीत कोणी उद्धृत करीत नाही. उद्धृत होतो तो तिचा लेखी उतारा. ध्वनिग्राहक टेबलाच्या लाकडात बसवलेले; कोणी कप ठेवला, कागद सरकवले, बोटांनी ताल धरला की वाक्य बुडते. दोघे एकाच वेळी बोलतात, तिसरा पुटपुटतो. हे ऐकून कोणीतरी लिहून काढतो, विरामचिन्हे घालतो, कोण बोलले ते ठरवतो. म्हणजे हाती येते ती संहिता, आणि संहिता म्हटली की पाठभेद आले. ज्या पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर घालवली, त्या मुलुखातल्या मराठीच्या प्राध्यापकांना हे सांगावे लागावे याची आम्हाला लाज वाटते.

निक्सन यांच्या संहितेची पहिली आवृत्ती स्वतः निक्सन यांनीच काढली. २९ एप्रिल १९७४ च्या रात्री ते दूरचित्रवाणीवर आले. शेजारी जाडजूड बाडांची चळत होती. दुसऱ्या दिवशी बाराशेहून अधिक पानांचे हे उतारे प्रसिद्ध झाले. त्यांत ठिकठिकाणी कंसात 'अपशब्द वगळला' असे छापलेले. या दोन शब्दांनी निक्सन यांचे जेवढे नुकसान केले तेवढे विरोधकांनीही केले नसेल, कारण पुढे मूळ फीत ऐकल्यावर लक्षात आले की वगळलेले पुष्कळसे शब्द अगदी किरकोळ होते. कंस पाहून वाचकांनी मात्र मनातल्या मनात याहून भारी शिव्या भरल्या. रिकाम्या जागेचे हे सामर्थ्य कवितेच्या शिक्षकांना नवे नसावे.

पण खरा प्रकार शिव्यांचा नव्हताच. प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीला काही फिती मिळाल्या होत्या. तिने स्वतंत्र उतारे केले आणि जुलै १९७४ मध्ये दोन्ही आवृत्त्यांची तुलना छापली. अध्यक्षांच्या आवृत्तीत जिथे 'अस्पष्ट' होते तिथे समितीला कित्येकदा शब्द ऐकू आले होते. २२ मार्च १९७३ च्या संभाषणातला एक भाग तर अध्यक्षांच्या आवृत्तीत नव्हताच: सहकाऱ्यांनी तोंड उघडू नये, स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनात्मक हक्काचा आसरा घ्यावा, झाकाझाक करावी, काहीही करावे पण योजना वाचवावी, अशा अर्थाचे निक्सन यांचे बोलणे त्या भागात आहे. एकच फीत, दोन संपादक, आणि दोन वेगळे अध्यक्ष. इतिहासकारही या जाळ्यातून सुटलेले नाहीत. स्टॅन्ली कटलर या इतिहासकारांनी १९९७ मध्ये फितींच्या उताऱ्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, आणि त्यांनीच खटला लढवून त्या फिती मोकळ्या करून घेतल्या होत्या. तरी २००९ मध्ये त्यांच्यावरच आक्षेप आला की मार्च १९७३ च्या एका दिवशीची दोन वेगळी संभाषणे त्यांच्या संग्रहात एकत्र झाली आहेत. हेतुपुरस्सर काही केल्याचा आरोप कटलर यांनी फेटाळला. त्या वादात आम्हाला निवाडा करायचा नाही. एवढेच नोंदवायचे आहे की ज्या ठिकाणी 'फीत स्वतःच बोलते' अशी ग्वाही दिली जाते, तिथेच प्रक्षेप आणि मिश्रणाची भांडणे सर्वांत कडाक्याची झाली.

आता २१ मार्च १९७३ च्या सकाळकडे वळू. आमच्या मते मौखिक साक्ष आणि मुद्रित पुरावा यांच्या नात्यावर याहून बोलकी सकाळ दुसरी नसेल. त्या दिवशी डीन यांनी अध्यक्षांना सांगितले की अध्यक्षपदाला कर्करोग जडला आहे आणि तो वाढतो आहे. घरफोडीतील आरोपी गप्प राहण्यासाठी पैसे मागत होते. किती लागतील, असे निक्सन यांनी विचारले. दोन वर्षांत दहा लाख डॉलर, असे डीन म्हणाले. तेवढे मिळवता येतील, रोखही मिळवता येतील, असे निक्सन म्हणाले. पुढे आरोपींना शिक्षामाफी देण्याचा विषय निघाला, आणि त्या संदर्भात निक्सन म्हणाले की ते चुकीचे आहे.

या भेटीविषयी दोन माणसांनी साक्ष दिली. पहिले डीन. जून १९७३ मध्ये त्यांनी २४५ पानांचे निवेदन वाचले, तेव्हा त्यांच्याजवळ एकही फीत नव्हती. तपशील इतके बारीक की कोणी त्यांना मानवी टेपरेकॉर्डर म्हटले. आणि तरीही त्यांनी दहा लाखांची गोष्ट चुकीच्या दिवसावर टाकली: ती १३ मार्चला झाली असे सांगितले, फितीत ती २१ मार्चला आहे. दुसरे एच. आर. हाल्डमन, अध्यक्षांचे मुख्य सहायक. त्यांनी साक्ष देण्यापूर्वी २१ मार्चची फीत ऐकली होती. त्यांनी शपथेवर सांगितले की पैशांची व्यवस्था करता येईल, पण ते चुकीचे ठरेल, असे अध्यक्ष म्हणाले. पुढे फीत बाहेर आली. 'चुकीचे' हे विशेषण तिच्यात होतेच. फक्त ते पैशांना नव्हे, शिक्षामाफीला लावलेले होते. हाल्डमन यांनी फितीतले खरे वाक्य उचलून दुसऱ्या ठिकाणी डकवले होते. खोट्या साक्षीच्या ज्या आरोपांवर १ जानेवारी १९७५ रोजी ते दोषी ठरले त्यांत हेही विधान होते, आणि एकूण गुन्ह्यांबद्दल त्यांना अठरा महिने तुरुंगात काढावे लागले.

म्हणजे ज्याने फीत ऐकली तो खोटा ठरला, आणि ज्याने ऐकली नव्हती तो तारीख चुकूनही खरा ठरला. पुराव्याची उतरंड लावून मोकळे होणाऱ्यांनी या प्रसंगाचे काय करायचे ते सांगावे.

डीन यांच्या स्मृतीचा पुढे रीतसर अभ्यासही झाला. मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी १९८१ मध्ये डीन यांची साक्ष आणि उपलब्ध उतारे शेजारी ठेवून तपासले. १५ सप्टेंबर १९७२ च्या भेटीच्या बाबतीत निष्कर्ष डीन यांच्या स्मृतीला फारच प्रतिकूल निघाला. वाक्ये सोडाच, त्या भेटीत कोणत्या क्रमाने काय झाले याचा गोषवाराही पुष्कळ चुकलेला. आणि आठवणीत डीन यांचे स्वतःचे स्थान नको तेवढे मध्यवर्ती झालेले. २१ मार्चची स्मृती अधिक चांगली, कारण त्या दिवशीचे भाषण डीन तयार करून गेले होते. पण नाइसर तिथे थांबले नाहीत, आणि आमच्या मते त्यांचे महत्त्व इथे आहे. त्यांनी दाखवले की एकेका भेटीविषयी चुकणारी ही स्मृती अनेक भेटींतून वारंवार जे घडत होते त्याविषयी बरोबर होती. अध्यक्षांना झाकाझाक माहीत होती, ती त्यांना मान्य होती, आणि ते तिच्यात सामील होते. डीन यांनी अनेक प्रसंगांचा अर्क एका प्रसंगात ओतला होता. कादंबरीकार हेच करतो, असे आमच्या साहित्यिक मित्रांना लगेच म्हणावेसे वाटेल. जरा थांबावे. कादंबरीकाराला उलटतपासणीला तोंड द्यावे लागत नाही. डीन यांना द्यावे लागले, आणि फितींनी त्यांना जिथे दुरुस्त केले तिथे ते दुरुस्त झाले.

हा शेवटचा मुद्दा दुसऱ्या छावणीसाठी आहे. या छावणीत सगळेच कथन असते: फीतही कथन, साक्षही कथन, निवाडाही कथन. ऐकायला हे धीट वाटते. प्रत्यक्षात ते आळसाचे तत्त्वज्ञान आहे, कारण त्यात कोणाचे काही तपासावे लागत नाही. सगळेच सारखे कथन असते तर हाल्डमन यांचे वाक्य आणि डीन यांचे वाक्य यांत निवड करण्याचे कारण उरले नसते. निवड झाली, आणि ती शब्द शब्दाशेजारी ठेवून झाली.

आपल्याकडे मौखिक साक्षीविषयी जी अढी आहे तिचे मूळ आम्हाला ठाऊक आहे. १८९८ मध्ये राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड काढला आणि बखरींचा गबाळा कारभार उघडा पाडून अस्सल कागदाची प्रतिष्ठा वाढवली. ते काम त्या वेळी अत्यंत गरजेचे होते. पण राजवाडे कागद वाचत, कागदावर विसंबत नसत. कोणी, कोणाला, कोणत्या हेतूने लिहिले हे विचारीत. त्यांच्या नावाने अस्सलपणाचा जप करणाऱ्यांनी हे विचारणेच टाकून दिले. जो प्रश्न बखरीला विचारायचा तोच फितीला विचारायचा, एवढी साधी गोष्ट.

तर मग फितीच्या कक्षेबाहेर काय राहते? निक्सन यांच्या बाबतीत याचे उत्तर असे की नकार राहतो. खोलीत हुकूम सुटतो. तो न पाळण्याचे कृत्य दुसऱ्याच कुठल्या कार्यालयात घडते, जिथे टेबलात ध्वनिग्राहक नसतो. सप्टेंबर १९७२ मध्ये डीन यांनी प्राप्तिकर खात्याचे आयुक्त जॉनी वॉल्टर्स यांच्या हाती एक यादी दिली. निवडणुकीतील प्रतिस्पर्धी मॅकगव्हर्न यांचे कर्मचारी आणि देणगीदार यांची नावे तीत होती. त्यांची करतपासणी व्हावी ही अपेक्षा. वॉल्टर्स यादी घेऊन अर्थमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांच्याकडे गेले. शुल्ट्झ यांनी काहीही करू नका असे सांगितले. वॉल्टर्स यांनी यादी पाकिटात घालून तिजोरीत ठेवली, आणि पुढल्या वर्षी ती संसदेच्या करविषयक संयुक्त समितीच्या स्वाधीन केली. अध्यक्ष या कामचुकारपणावर कसे संतापत होते ते फितींत ऐकू येते. कामचुकार माणसे काय विचार करीत होती, कोणाला घाबरत होती, एकमेकांकडे कशी पाहत होती, हे कळण्यासाठी त्यांना विचारावेच लागते. निक्सन ग्रंथालयाने विचारले. टिमथी नफ्ताली या इतिहासकारांच्या पुढाकाराने तिथे त्या कारकिर्दीतील माणसांच्या दीर्घ चित्रमुद्रित मुलाखती झाल्या. शुल्ट्झ आणि वॉल्टर्स दोघेही त्यांत बोलले आहेत. केवळ फितींवरून लिहिलेल्या इतिहासात निक्सन यांच्याभोवती होयबांचाच घोळका दिसेल, कारण नाही म्हणणारे बहुधा त्या खोलीत नाही म्हणत नसत.

या मुलाखतींतही लबाडी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पस्तीस वर्षांनंतर बोलणारा माणूस इतरांची आत्मचरित्रे वाचून बसलेला असतो. वाचलेले आणि पाहिलेले यांत त्याची गल्लत होते. मेलेल्यांवर दोष ढकलणे सोपे जाते. काही मुलाखती ऐकताना आम्हाला दाढी करताना आरशाशी चाललेले संभाषण ऐकतो आहोत असे वाटले. पण हा दोष ऐकणाऱ्याला कळतो. 'अस्सल' फितीतली लबाडी कळत नाही, कारण तिथे आपण ती शोधतच नाही.

याहून मोठा प्रश्न ताब्याचा आहे, आणि सत्रातल्या वक्त्यांनी तो उच्चारलाही नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यापासूनचा रिवाज असा की अध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता. सप्टेंबर १९७४ मध्ये, राजीनाम्याला महिना होतो न होतो तोच, निक्सन यांनी शासकीय सेवा प्रशासनाचे प्रमुख आर्थर सॅम्पसन यांच्याशी करार केला. त्यानुसार पाच वर्षांनंतर निक्सन यांना फिती नष्ट करायला सांगता आले असते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर किंवा १९८४ मध्ये, जे आधी येईल तेव्हा, त्या नष्टच व्हायच्या होत्या. डिसेंबर १९७४ मध्ये काँग्रेसने कायदा करून सगळे दप्तर सरकारजमा केले. निक्सन न्यायालयात गेले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा उचलून धरला. १९७८ च्या कायद्याने पुढच्या अध्यक्षांचे कागद जनतेचे झाले. तरीही निक्सन यांच्या वकिलांनी फिती वर्षानुवर्षे अडवून धरल्या. कटलर आणि 'पब्लिक सिटिझन' या संस्थेने १९९२ मध्ये दावा लावला, निक्सन १९९४ मध्ये वारले, तडजोड १९९६ मध्ये झाली. २००० मध्ये सरकारने जप्त दप्तराची भरपाई म्हणून निक्सन यांच्या वारसांच्या बाजूला एक कोटी ऐंशी लाख डॉलर दिले. आपल्याच गुन्ह्याच्या पुराव्याला इतकी किंमत आलेला दुसरा ग्रंथकार आम्हाला माहीत नाही.

निक्सन यांच्या जन्मगावी, कॅलिफोर्नियातील योर्बा लिंडा येथे, १९९० मध्ये जे ग्रंथालय उघडले ते खासगी होते. तिथल्या वॉटरगेट दालनात सगळे प्रकरण विरोधकांनी केलेला सत्तापालट असल्यासारखे मांडलेले होते. २००७ मध्ये ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आले, नफ्ताली पहिले सरकारी संचालक झाले, आणि निक्सन यांच्या प्रतिष्ठानाच्या विरोधाला तोंड देत २०११ मध्ये नवे दालन उघडले. त्यात फितींबरोबर मुलाखतींचे तुकडेही ठेवलेले आहेत. त्याच वर्षी नफ्ताली तिथून गेले. ताब्याचा हा प्रश्न निक्सन यांच्याबरोबर संपला असे कोणी समजू नये. २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराने डोनल्ड ट्रम्प यांच्या फ्लॉरिडातील निवासस्थानाहून पंधरा खोकी परत आणली, आणि पहिल्या कारकिर्दीतील काही कागद फाडलेल्या अवस्थेत हाती आल्याचे जाहीर केले. १९७८ चा कायदा असून ही स्थिती. अस्सल कागदावर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी तो कागद उद्या कोणाच्या कपाटात असेल याचीही थोडी काळजी वाहावी.

भारतीय वाचकांच्या ओळखीचा भाग आम्ही मुद्दाम मागे ठेवला. २००५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने १९७१ च्या दक्षिण आशियातील संकटावरचा कागदपत्रांचा खंड प्रसिद्ध केला. ४ नोव्हेंबर १९७१ रोजी इंदिरा गांधी निक्सन यांना भेटल्या. दुसऱ्या दिवशी निक्सन आणि किसिंजर यांनी त्यांच्याविषयी आणि भारतीयांविषयी काय शब्द वापरले ते या खंडात आले. आपल्या वृत्तपत्रांना मथळे मिळाले. किसिंजर यांनी भारतीय दूरचित्रवाणीवर खेद व्यक्त केला. २०२० मध्ये आणखी काही तुकडे बाहेर आले. ते आधी गुप्ततेच्या नावाखाली पुसलेले होते आणि गॅरी बास या अभ्यासकांच्या मागणीवरून उघडले गेले. भारतीय स्त्रियांच्या रूपाविषयी अध्यक्षांनी केलेली घाणेरडी शेरेबाजी त्यांत निघाली. राष्ट्रीय सुरक्षा ती हीच काय, असे कोणालाही वाटावे. पुन्हा मथळे.

आम्हाला या मथळ्यांचा संताप येतो. शिवी ऐकून आपण दुखावलो आणि तिथेच थांबलो. त्या फितींत ज्या प्रश्नावर बोलणे चालले आहे तो पूर्व पाकिस्तानातील कत्तलीचा आहे, आणि ते मरणारे लोक फितीत नाहीत. ते दुसऱ्या कागदात आहेत. ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी मार्च १९७१ च्या अखेरीपासून तारांमागून तारा पाठवल्या. ६ एप्रिलला त्यांच्या कचेरीतील आणि इतर अशा वीस अमेरिकनांनी सह्या केलेली, आपल्याच सरकारच्या धोरणाला नैतिक दिवाळखोरी म्हणणारी तार त्यांनी स्वतःच्या पाठिंब्यासह रवाना केली. पाकिस्तानमार्फत चीनशी गुप्त संधान बांधण्यात गुंतलेल्या व्हाइट हाउसला ती नकोशी होती. ब्लड यांची ढाक्याहून उचलबांगडी झाली. १९८९ मध्ये त्यांनी अमेरिकी राजनयिकांच्या मौखिक इतिहास प्रकल्पात मुलाखत दिली. २००२ मध्ये त्यांचे स्मरणपर पुस्तक ढाक्यातून निघाले. सप्टेंबर २००४ मध्ये ते वारले. म्हणजे ज्या खंडाने वरच्या खोलीतले ते संभाषण जगापुढे आणले तो निघाला तेव्हा ब्लड हयात नव्हते. तार, मुलाखत आणि फीत ही तीन साधने एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय १९७१ कळत नाही. आणि तिन्ही ठेवली तरी त्यांत बोलणारे सगळे अमेरिकनच. युद्धात ज्या बंगाली स्त्रियांवर अत्याचार झाले त्यांच्या कहाण्या नीलिमा इब्राहिम यांनी ऐकून 'आमि वीरांगना बोलछि' या पुस्तकात लिहिल्या, त्या कोणत्याही अध्यक्षाच्या दप्तरात सापडणार नाहीत. आमच्या विद्यापीठांत निक्सनची शिवी ठाऊक असलेले प्राध्यापक भेटतात. नीलिमा इब्राहिम वाचलेले किती भेटतात?

राहता राहिली ती प्रसिद्ध पोकळी. २० जून १९७२, घरफोडीनंतर तीन दिवसांनी, निक्सन आणि हाल्डमन यांचे जे बोलणे झाले त्या फितीत साडेअठरा मिनिटे नुसती घरघर आहे. सचिव रोझ मेरी वुड्स यांनी सांगितले की उतारा करताना दूरध्वनी वाजला, पाय यंत्रावरच राहिला, आणि चुकून सुमारे पाच मिनिटे पुसली गेली. उरलेल्या मिनिटांचा हिशेब कोणी दिला नाही. तज्ज्ञांच्या मंडळाने १९७४ मध्ये सांगितले की हे पुसणे निदान पाच, कदाचित नऊ वेळा झाले आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराने २००१ ते २००३ या काळात पुसलेला आवाज परत मिळवता येतो का हे पाहिले आणि नाद सोडला. क्रमांक ३४२ ची ही फीत जपून ठेवलेली आहे. त्या भेटीतले तिघेही आता नाहीत: हाल्डमन १९९३ मध्ये गेले, निक्सन १९९४ मध्ये, आणि तिसरी साक्षीदार जी फीत, ती त्याआधीच मुकी झालेली.

वाचली ती हाल्डमन यांची त्या भेटीतली हस्तलिखित टिपणे. एखादे पान गहाळ असावे या शंकेने २००९ पासून त्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली. नवीन काही निघाले नाही. जे आहे त्यात घाईच्या अक्षरात प्रतिहल्ल्याची आखणी आहे. आणि आणखी एक सूचना आहे: कोणी चोरून ऐकण्याची यंत्रे बसवलेली नाहीत ना, हे पाहण्यासाठी अध्यक्षांच्या या कार्यालयाची नेहमी कसून तपासणी होत जावी.

ही सूचना हाल्डमन लिहून घेत होते तेव्हा त्याच कार्यालयातले अध्यक्षांचे स्वतःचे यंत्र चालू होते.